हिरव्या टोपणाची नळी

वैजंता आशा सोमवारी येऊन गेली.
ओट्यावर ठेवून गेली एक नळी, करंगळीएवढी,
हिरव्या टोपणाची.
आत काडी. काडीला खाचा.
"आप्पा, सकाळी एवढंसं लावायचं, टोपण घट्ट,
वर नाव नि तारीख. सुई नाही, पैसा नाही."
एवढंसं म्हणजे किती ते तिनं
नखावर नख ठेवून दाखवलं,
आणि मी गल्लीकडे बघत राहिलो.
कुणाची तरी म्हैस चालली होती, तिच्याकडे.

नळी मी कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे सारली.
हिनं काढली. "पिठाजवळ? लाज शे का काही?"
मग ती खुंटीवरच्या पिशवीत,
पिशवीतून कोनाड्यात, जुन्या वीजबिलांखाली.
अकरा दिवस घरात पाहुण्यासारखी,
न जेवता, न जाता.

धरणगावच्या पेठेत, भिला टेलरच्या फळीवर
आम्ही पाच जण बसतो.
सगळ्यांना मिळाली आहे. कुणी सांगत नाही.
विषय निघालाच तर हिरामण म्हणतो,
"आते काय तपासतस?
कापूस येचाई ग्या, पऱ्हाट्या उभ्या शेतस."
गुरुजी म्हणतात, निघालं तर काय, ते आधी सांगा.
म्हणे मग जळगावला नेतात,
रात्रभर औषधाचं पाणी पाजतात,
आणि दुर्बीण.
दुर्बीण म्हटलं की सगळे चहाकडे बघतात.
रतन भावसाराच्या जागेवर आता कुणीतरी हेल्मेट ठेवतं.
त्याला मूळव्याध होती.
दोन वर्षं मूळव्याधच होती.
मग नव्हती.

रात्री ही अंधारातच बोलली,
तिकडे तोंड करून:
"चौतीस वर्षं जिनिंगात
लोकांच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला.
तेव्हा नाही लाजलात."
खरं आहे. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा.
ओल आत असते.
माणसं शपथा घ्यायची, आप्पा, वरून तर बघा,
मी बोलायचो नाही. हात घालायचो.
पण तो कापूस होता, म्हटलं.
ती झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

बाराव्या पहाटे उठलो.
जुना पेपर पसरला, त्यावर जळगावचा सोन्याचा भाव,
तोही गेल्या वर्षीचा.
चष्मा विसरलो, परत आलो, कडी लावली.
पुढचं लिहिण्यासारखं नाही,
आणि खरं सांगू, फार काही नव्हतंच.
काडी, खाच, टोपण. हात तीनदा धुतले.

मग नाव.
सुपडू, एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.
माझ्या आधीचे दोघे गेले होते.
तिसऱ्याला आईनं सुपात घातलं,
सुपाला दोर बांधला,
आणि भरदिवसा, गल्ली बघत असताना,
ओढत नेलं उकिरड्यापर्यंत.
राख, शेण, गावाची सगळी घाण, त्यात ठेवलं मला,
की बघणाऱ्याला वाटावं, हे टाकलेलंच आहे,
हे कशाला न्यायचं.
आत्या सांगायची, मी रडलो नाही.
आईच्या चेहऱ्याबद्दल तिनं कधी काही सांगितलं नाही.
लाजली असेल का ती?
मोरीत उभ्या उभ्या हा प्रश्न
एकाहत्तराव्या वर्षी पडला.

दहा वाजता वैजंता आली.
रुमाल सोडून नळी तिच्या हातावर ठेवली.
तिनं उजेडात धरून वाचलं,
"सुपडू नथ्थू चौधरी. आप्पा, तारीख राहिली."
तिनंच घातली.
वहीत टिक करताना सहज म्हणाली,
"झालं, तुमच्या घरच्या दोन्ही आल्या.
काकूंची तर मंगळवारीच पोचली होती."

मी हिच्याकडे पाहिलं.
ही गल्लीकडे बघत होती.
म्हैस वगैरे काही नव्हती.