डोकी

शनिवारी कन्याशाळेच्या वरच्या हॉलात
खिडक्यांना सतरंज्या बांधून
कळंत्रे सरांच्या मंडळानं ब्राझीलचा पिक्चर लावला.
पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळायची,
मला ती गाठता येईनात,
म्हणून मी आपला मोजत बसलो.

मोजायची सवय जुनी.
तेवीस वर्षं मी शूटिंगला माणसं पुरवली,
वाई, मेणवली, धोम, पार पसरणीच्या चढापर्यंत.
पहाटे स्टँडच्या मागं उभा राहून
बोट दाखवायचो:
तू घाटावर, तू बाजारात, तू देवळात हात जोडून.
कुणी शिकवावं लागलं नाही.
उजळ ती देवळात.
काळी ती डाकूंच्या घोड्यामागं, भट्टीवर,
नाहीतर मेलेली, पालथी.
पालथ्याला पाच रुपये जास्त,
ऊन लागतं म्हणून.

पडद्यावर पांढऱ्या खांबांचं घर,
टेबलाशी सहा जण, सहाही गोरे, सहाही बोलणारे.
दारात ट्रे घेऊन एक काळी बाई: एक.
मागं भांडी पुसणारी: दोन.
फाटकाशी म्हातारा, टोपी हातात: तीन.
मग गल्लीतनं पोरं पळाली, मागं पोलीस,
सात, आठ,
एक पडलं.
पालथं.

तेव्हा ध्यानात आलं,
तिथंही कुणीतरी आहे.
समुद्रापलीकडं, कुठल्याशा स्टँडच्या मागं,
कानावर पेन्सिल ठेवून बोट दाखवणारा.
त्याची बोली मला येत नाही, माझी त्याला.
यादी तेवढी एकच.

मध्ये दिवे लागले. सर म्हणाले,
ह्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना बेड्या घालून जहाजातनं आणलं,
ऊस तोडायला.
भुईंजचे दोघं हसले,
मग कशानं कोण जाणे, गप्प झाले.
निम्मा देश त्या रंगाचा आहे, सर म्हणाले,
आणि पिक्चरमध्ये बघा, पाहुण्यासारखा.

मला अंजिरा आठवली, सिद्धनाथवाडीची.
हिरोइनीच्या मागनं हंडा घेऊन अकरा वेळा चालली,
हंडा भरलेला, कारण रिकामा हंडा
चालीतनं कळतो.
बाराव्या वेळी कॅमेऱ्यावरचा ओरडला:
ती मागची काढा, उजेड खातीय.
संध्याकाळी पैसे घेताना म्हणाली,
"भाऊ, उजेड म्या खाल्ला, आन् जेवान त्येंनी."
मी हसलो. अंगठा घेतला. चाळीस रुपये.

पिक्चर साताऱ्याला लागला तेव्हा
तिकीट काढून गेली, दोन पोरं घेऊन.
तिचा कोपर दिसला.
पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडली म्हणे,
आयचा कोपर! आयचा कोपर!

दुसरा पिक्चर लहान होता,
तिकडच्याच, त्याच रंगाच्या एका बाईनं काढलेला.
कामावरनं आलेली बाई कॉटच्या कडेला बसते,
कंबरेचा पांढरा एप्रन सोडते,
आणि बघते.
बस्स.
चार मिनिटं तिचा चेहरा, सगळा पडदाभर.
लोक खोकले. कुणाची तरी खुर्ची वाजली.
मी बघत राहिलो, काळ्यात किती रंग असतात:
जांभळाचा, धोमच्या ओल्या दगडाचा,
गालाच्या हाडावर तर चक्क तांब्याचा.
उजेड तिनं खाल्ला नव्हता.
कुणीतरी तिला वाढला होता,
पान मांडून, आग्रह करून.
एकच्या पुढं मला मोजता आलं नाही.

निघताना सरांना विचारलं,
पहिल्यातल्या त्या ट्रेवालीचं नाव लागलं का हो?
त्यांनी बिचाऱ्यांनी परत लावून बघितलं,
पाच मिनिटं नावंच नावं, वर चढणारी.
शेवटाला सापडली:
"कामवाली, दोन."

रात्री माळ्यावरनं वही काढली.
ते पान उंदरानं कडेनं कुरतडलंय,
अंगठा मात्र स्वच्छ, रेघ न् रेघ.
शेजारी माझ्या अक्षरात,
ठळक, वळणदार:
हंडेवाली, एक.