पाटी

सलायनापासून वीस मैल हा बोलला नव्हता.
भांडण पाटीवरूनच. हा म्हणे इंग्रजीत हवी,
टपालवाल्याला कळायला नको का?
मी म्हणे, टपालवाल्याला घर नंबर पुरतो.
मग दोघं गप्प, आणि दोन्ही बाजूंना
कॅन्ससची ज्वारी, बुटकी, तांबड्या कणसांची,
भाकरी माहीतच नसलेली.

लिंड्सबोर्गचा मुख्य रस्ता विटांचा.
दारोदार लाकडी घोडा, शेंदरी,
पाठीवर फुलांचं खोगीर, पोटावर आडनाव.
तिसऱ्या गल्लीत आमचं नवं घर
तेवढं बिनघोड्याचं.

दुकानात शिरल्या शिरल्या वेलदोडा.
कोपऱ्यात फुकट कॉफी, पावाच्या गोड गाठी.
आर्डिसबाई म्हणाल्या, खास आमच्या स्वीडनची चव.
मी मान डोलावली. दुसऱ्याच्या घरी
आपली वाटी दिसली, तरी लगेच मागू नये.

मग सगळं हाताळून झालं.
गवताचा बोकड, लाल फितीने बांधलेला.
मेणबत्तीच्या धगीवर गरगरणाऱ्या पितळी पऱ्या.
ज्युनिपरच्या लाकडाची लोण्याची सुरी,
हुंगली, ठेवली, परत हुंगली.
टोपी नाकावर ओढलेला दाढीवाला बुटका,
उलटा केला तर तळव्यावर चीन.
लिननच्या टेबलपट्टीची किंमत वाचून
घडी होती तशी घातली,
होती त्याहून नीटच.

पाटीचा घोडा पुढ्यात घेऊन
आर्डिसबाईंनी डाव्या हाताने ब्रश उचलला. नाव?
याच्याकडे न बघता मी कागदावर लिहिलं: अष्टपुत्रे.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
वरची ही रेघ कशाला?
म्हटलं, अक्षरं वाळत घालायची दोरी.
आवडलं त्यांना. त्यांनी आधी दोरीच बांधली,
आपण शेवटी बांधतो,
मग अ टांगला. ष्टपाशी अडल्या,
वेलीसारखा वळवत नेला,
खाली एक पान फुटलं. राहू दिलं मी.

याचा अर्थ काय?
आठ मुलगेवाले, म्हटलं मी, आणि जीभ चावली.

लग्नात गुरुजी म्हणाले, अष्टपुत्रा सौभाग्यवती भव,
तेव्हा मांडव हसला होता,
आडनावातच सोय झाली म्हणून.
सत्तावीस वर्षं. तपासण्या, नवस, पुन्हा तपासण्या,
मग कोणी विचारेनासं झालं.
आम्हीसुद्धा.

मोठ्याच्या पायांशी छोटे घोडे काढते मी,
आर्डिसबाई सांगत होत्या,
मुलामागे एक. चार डॉलर जादा.
तुमचे किती?

दुकानात तेवढ्या पितळी पऱ्या. किण. किण.

आठ, हा म्हणाला.
सलायनानंतरचा पहिला शब्द.
मी वळून पाहिलं. हा शांतपणे सुरी हुंगत होता.
आठही बाहेर असतात, म्हणाला.
हो ना, बाई म्हणाल्या, इथलीही सगळी जातात.
माझा एक डेन्व्हरला, एक विचिटाला, रविवारी फोन.
तुमचे करतात का फोन?
कुठले, हा म्हणाला. नावालाच आहेत.

मी पर्समधून बत्तीस डॉलर वेगळे मोजले.
घासाघीस केली नाही.
पोरांच्या बाबतीत करू नये.

रंग ओला, म्हणून पाटी मांडीवर आडवी धरून
मी मागच्या सीटवर बसले.
हा हळू चालवत होता, खड्डे नसतानाही.
धान्याच्या उंच कोठारांपाशी आरशात बघत म्हणाला,
थोरल्याचं काय ठेवायचं?
म्हटलं, रस्त्याकडे बघ आधी.

त्या नादात माझा अंगठा लागला
सातव्याच्या मागच्या पायाला.
आता तो लंगडतो.
येताजाता माझं त्याच्याकडेच
जरा जास्त लक्ष असतं.