एक रिंग

कळमन्याच्या शीतगृहात, तीन नंबरच्या खोलीबाहेर,
लोखंडी मांडणीवर एक जुना लॅपटॉप.
झाकणाला तडा, बॅटरी केव्हाच मेलेली, आत लिनक्स
आणि कुशीत खुपसलेला पांढरा डोंगल.
काम एवढंच: दर दहा मिनिटांनी
आतला पारा मला कळवायचा.
आत मृगाची संत्री, मार्चात भरलेली,
सहा अंशांवर गप्प.
बाहेर नवतपा.

लाइन रोज जायची. रात्री दोनला, अडीचला,
कधी एका रात्रीत दोनदा.
आली की सगळं आपापलं उठायचं,
कॉम्प्रेसर, ट्यूबलाइट, ऑफिसातला कूलर,
गजाननाच्या फोटोवरची लाल माळसुद्धा.
लॅपटॉपही उठायचा कण्हत.
डोंगल तेवढा
हिरवा दिवा मिचकावत बसून राहायचा,
लग्नात कुणी मानपान न केलेल्या मामासारखा.

मग कवडूजी नेवारे येत.
रात्रपाळीचे चौकीदार, कानाला दुपट्टा, हातात टॉर्च.
इंग्रजी अक्षरं त्यांच्या ओळखीची नव्हती,
पण कमांड बोटांत पाठ:
मधल्या ओळीतलं दुसरं, वरचं सातवं,
मधलं तिसरं, वरचं नववं...
पुढे पासवर्ड, त्यांच्याच बिल्ल्याचा नंबर.
पहिल्या रात्री फोनवर घाबरले होते,
"साहेब, मी दाबून राहिलो, पण पडद्यावर काहीच नाही उमटून राहिलं जी!"
म्हटलं, तिथे उमटत नसतं. दाबत राहा.
त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

दिवा निळा झाला की
मानेवाड्यात माझ्या उशाशी एक रिंग.
एकच. उचलायची नसते.
रुपया वाचतो, आणि मी कूस बदलतो.

यंदा त्यांना मोतीबिंदू निघाला.
सातवं कुठलं नि आठवं कुठलं,
टॉर्च दातांत धरून चाचपत राहायचे.
एका दुपारी मी मांडणीसमोर स्टूल ओढलं.

डोंगलची पहिली गंमत ही, की जागा होताच
तो स्वतःला सीडी समजतो.
त्याला आधी पटवावं लागतं, बाबा रे, तू मॉडेम आहेस.
मग सिमचा पिन लिहून ठेवला,
कंपनीचं नाव लिहिलं, त्यात एक टिंब चुकलं,
त्या टिंबाने दीड तास खाल्ला.
आपोआप जोडायचं? हो.
तरी दुसऱ्या चाचणीत पठ्ठ्या अडलाच.
टॉवर उशिरा जागा झाला होता,
याने चार हाका मारल्या आणि तोंड फिरवलं.
चार. मुळातच तेवढा धीर ठरवून दिलेला.

शोधलं तेव्हा कळलं, तिथे शून्य लिहायचं.
शून्य म्हणजे एकदाही नाही, असं मला वाटलं होतं.
शून्य म्हणजे कितीही वेळा.
ज्या गावात शून्य मैलाचा दगड आहे
त्या गावात जन्म काढून
हे मला पन्नाशीत समजलं.

कवडूजी मागे उभे होते.
"म्हणजे आता थो सोताच उठते?"
सोताच.
त्यांनी डोंगल उपसला, फुंकर मारली, परत खोचला.
आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो.
हिरवा. हिरवा. हिरवा.
निळा.
"हुशार झाला," ते म्हणाले,
आणि दुपट्ट्याने लॅपटॉपवरची धूळ पुसली,
जी आधीच पुसलेली होती.

त्या रात्री लाइन गेली दोन चाळीसला.
तीनला पाच कमी असताना फोन थरथरला,
सहा पूर्णांक दोन अंश. सगळं ठीक.
कुणी काही दाबलं नव्हतं.
मी उशी उलटी केली, गार बाजू वर.

तीन वाजून एक मिनिट.
एक रिंग.
एकच.