दीड आटा

दसऱ्याला घेतली. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक,
हँडलला झेंडू, पुढच्या चाकाखाली लिंबू,
पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो.
त्र्यंबक रोडच्या पहिल्या सिग्नललाच कळलं,
मी चाललेय सरळ, सातपूरकडे,
आणि हँडल बघतंय डावीकडे,
मुलगी बघायला येऊन
तिच्या बापाचं घर मोजणाऱ्या पाहुण्यासारखं.

फोन केला. "मॅडम, नवी गाडी आहे, चालवाल तशी सेट होईल.
घरात कुणी जेन्ट्स असतील तर द्या."
घरात आई आहे. तिला दिला.
ती बराच वेळ बोलली.
तिकडून काही आलं नाही.

मी अंबडला, बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीवर.
नऊ वर्षं. जेवतानासुद्धा बघते
ताटाचा काठ गोल आहे ना.

रविवारी पार्किंगमध्ये पोतं अंथरलं.
तडवीकाका खाली आले, त्यांचा टॉर्क पाना
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.
तो पाना ते कुणाला देत नाहीत,
पान्यासोबत स्वतः येतात.

टायरात हवा पन्नास, ट्रकमधून उतरली तशीच, दगड.
चेन ढोलाच्या दोरीसारखी आवळलेली,
टिचकी मारली तर बोलली.
मागचं चाक उजवीकडे तिसऱ्या रेघेवर, डावीकडे चौथ्या.
हँडल उजवीकडे वळवलं की इंजिन आपोआप चिडायचं,
ॲक्सिलरेटरची केबल चिमट्यात सापडलेली.
हे सगळं हसत हसत केलं. काकांनी चहा मागवला.

मग पुढच्या ब्रेकचा वरचा बोल्ट.
पाना लावायच्या आधी सहज बोट लावलं
आणि तो फिरला.
बोटानं.
दीड आटा.

काका काही बोलले नाहीत. चहावर साय धरली.
मला शुक्रवार आठवला, रात्रपाळी सुटलेली,
पाथर्डी फाट्याच्या अलीकडे कांद्याचा ट्रक अचानक थांबला
आणि मी पुढचा ब्रेक दाबला होता.
लागला होता.

पाना कट्ट वाजला. खालच्या बोल्टला पुन्हा एकदा, कट्ट.
काकांनी खिशातून पिवळा मार्कर काढून रेघ ओढली,
बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर,
आमच्याकडे ओढतात तशी :
हलला, तर रेघ तुटलेली दिसेल.

सीटखाली कागद होता. बत्तीस मुद्दे,
बत्तीस बरोबरच्या खुणा.
माझं पोट खुणांवर चालतं, मला खुणा कळतात.
या एका श्वासात मारलेल्या, एकाच अंगाला कललेल्या,
खाली खाली शेपूट लांबत गेलेल्या.
सही : गांगुर्डे.

सोमवारी अर्धी रजा टाकली, खास भांडायला.
पण वाटेत मार्चअखेरची एक रात्र आडवी आली,
साडेतीन वाजलेले, शेवटचा क्रेट, टेम्पो दारात हॉर्न देतोय,
आणि चोवीस खुणा,
न बघता,
माझ्या हातच्या.
त्या क्रेटचं पुढे काय झालं, माहीत नाही.
ते कुणी कळवत नाही.

गांगुर्डे एकोणीस-वीसचा निघाला, पेरापेरांत ग्रीस.
"त्या दिवशी एक्केचाळीस गाड्या होत्या, ताई.
आम्ही दोघं. एकट्या मुहूर्ताला सतरा."
मी कागद पुढे ठेवला. दीड आटा, म्हणाले.
त्यानं स्वतःच्याच बोटाकडे पाहिलं.

मग म्हणाले, बाकीच्या चाळीस?

काचेपलीकडे मॅनेजर कुणाच्या तरी हातात
पुठ्ठ्याची किल्ली देत होता, हसा म्हणत होता.
गांगुर्डेनं रजिस्टर ओढलं, स्वतःच्या मोबाइलवरून
पहिला नंबर लावला. पिंपळगाव. नुसतीच रिंग.
मी उभीच.
दुसरा, दिंडोरीचा. उचलला.

"नमस्कार दादा, शोरूममधून बोलतोय. नाही नाही, पैशाचं नाही.
गाडीवरच आहात का? जरा कडेला घ्या.
पुढच्या चाकाशी बसा.
बसलात?
आता ब्रेकच्या वरच्या बोल्टला
नुसतं बोट लावा."