मिळणेबाबत

शरणपूर रोडला, पालिकेच्या फाटकासमोर
बदामाच्या झाडाखाली माझं टेबल.
टाइपरायटर जुना. त्याचा ळ
दोन हजार तीन सालीच तुटला.
तेवढी जागा सोडून पुढे जायचं
आणि शेवटी पेनानं भरायची, हा माझा शिरस्ता.

इंदू गांगुर्डे पहिल्यांदा आली
ती अंबडच्या कारखान्यातून सुटून तशीच,
नखांत ग्रीस.
म्हणाली, लिहा.
नासर्डीच्या काठाला एकशे बारा घरं, नळ एक,
तोही पहाटे तीनला येतो,
पाळीला जाणाऱ्या बायांनी झोपायचं कधी.
मी लिहिलं: विषय – सार्वजनिक नळ मिळणेबाबत.
झोपेचं लिहिलं नाही. अर्जात बसत नाही ते.
"मग बसवा," ती म्हणाली.

तिच्या अर्जांत ळ फार.
गाळ, नळ, डोळे आलेली मुलं,
गल्लीतला काळोख, पोल नंबर सतरा.
दहा रुपयांच्या कामात माझं पेन संपायचं.

आवक खिडकीवर ती पोच घेतल्याशिवाय हलत नसे.
शिक्का फिका उठला तर पुन्हा मारायला लावी.
कारकून तिला लांबून पाहून चहाला जात.
तीही चहाला जाई, त्यांच्याच टपरीवर.

कुंभमेळ्याच्या वर्षी वस्तीपुढे पत्रे लागले,
निळे, दीड पुरुष उंच,
पाहुण्यांना नदीकाठ नीट दिसावा म्हणून.
इंदूनं बिस्किटाचा डबा आणला, सगळ्या पोचा काढल्या
आणि पत्र्यांवर खडूनं
एकूण एक आवक क्रमांक लिहून काढला, तारखेसकट.
पोलीस आले. एक हवालदार
वाचत वाचत शेवटच्या पत्र्यापर्यंत चालत गेला.
त्याला बराच वेळ लागला.

मग कुणीतरी म्हणालं, उभी राहा.
पहिल्या खेपेला तीनशे अकरा मतं, अनामत जप्त.
दुसऱ्या खेपेला सोडतीत जागा महिलांसाठी निघाली
आणि तीन पुढाऱ्यांनी तीन बायका उभ्या केल्या,
फ्लेक्सवर हात जोडलेल्या,
मागे नवरे, त्यांच्याहून मोठे.
इंदूचं शपथपत्र मीच टाइप केलं.
जंगम: शिलाई मशीन एक, सोनं दोन ग्रॅम.
स्थावर: निरंक.
गुन्हे: एक. हंडे मांडून रस्ता अडवणे.
चिन्ह मागितलं कपबशी, मिळालं नारळ.
"तुमचा ळ काही माझा पिच्छा सोडत नाही."

चौऱ्याण्णव मतांनी आली.
गुलालाच्या दिवशी इकडे फिरकली नाही.
आली ती पहिल्या सभेला जाताना,
विचारायला, की आत उभं राहून बोलतात की बसून.
मला काय ठाऊक.
मी बावीस वर्षं फाटकाच्या बाहेर.

ती आत गेल्यापासून तुटक तुटक कानावर येतं.
बोलली म्हणे. माईक बंद होता म्हणे.
विषय तहकूब.
एकदा ऐकलं, ठेकेदाराच्या बंगल्यावर चहाला गेली;
एकदा ऐकलं, गेली नाही.
दोन्ही ऐकून घेतलं. मी काही विचारलं नाही,
तीही थांबली नाही टेबलाशी.

परवा तिच्याच गल्लीतली एक पोरगी आली,
पाठीवर कॉलेजची बॅग. म्हणाली, अर्ज लिहायचाय.
कुणाला?
"माननीय नगरसेविका, इंदूताई गांगुर्डे.
विषय, नाल्यातील गाळ आठ महिने न काढल्याबाबत."
बोटं थांबली माझी.
अगं, शेजारची ना ती तुझी?
"तिनंच पाठवलंय. म्हणाली,
दारात उभं राहून सांगू नकोस, मी विसरेन.
लेखी दे.
आणि माझ्याकडून पोच घे."

टाइप केलं. जागा सोडल्या.
मी पेन शोधेपर्यंत
पोरीनं स्वतःचं काढलं होतं
आणि पहिला ळ भरूनही झाला होता,
जरा मोठाच,
ओळीच्या बाहेर गेलेला.