सोड

कीथलीतल्या आमच्या गल्लीला चढ असा
की दुधाची बाटली हातातून निसटली
तर थेट स्टेशनापर्यंत जाईल.
गॅरेज त्या चढाच्या बगलेत.
आत गाडी, तिसऱ्या हिवाळ्यातली,
अजून नंबर न मिळालेली:
फायबरचं अंग, भंगारातल्या सिएराचा गिअरबॉक्स,
आणि क्लचची केबल कुठल्या गाडीची, देव जाणे.
दीड इंच जास्त भरली.
सायकलच्या सीटचा दांडा कापून
मधे एक तुकडा घातला. बसला.

मी खाली. पाठीखाली पुठ्ठा,
पुठ्ठ्याखाली नोव्हेंबर.
ब्रायनी वर, पेडलवर, शाळेच्याच बुटात.
तिच्या आईशी माझं लग्न झालं तेव्हा अकराची होती
आणि जेवताना माझ्यापुढचं मीठ
आईमार्फत मागायची.

"दाब," मी म्हणतो.
केबल ताणते, काटा सरकतो.
"सोड."
मराठीतले हे दोनच शब्द तिला येतात.
पहिल्या हिवाळ्यात माझं बोट अडकलं होतं,
आणि अशा वेळी माणूस
इंग्रजी शोधत बसत नाही.

समोरच्या पिकर्सगिलबाईंना वाटायचं
मी पोरीला शिव्या घालतो.
त्यांच्या भाषेत 'सोड' म्हणजे
चारचौघांत न बोलण्यातलं काहीतरी.
एकदा कुंपणाशी येऊन उभ्याच राहिल्या.
ब्रायनीने त्यांना समजावलं.
काय समजावलं, मी विचारलं नाही.
हल्ली त्यांचा कुत्रा चेंडू देत नसला
की त्याही ओरडतात, सोड!
आणि तो सोडतो.

आधी मी केबल तंग केली.
तंग म्हणजे नीट, असं कुणालाही वाटेल.
इंजिन लावलं, तर पायही न ठेवता
बेअरिंग सूं सूं करत राहिलं.
मग सैल केली.
रिव्हर्स टाकताना दातावर दात अशी करकर
की ब्रायनीचे खांदे कानांना लागले.
इचलकरंजीचे रत्नाकर मिस्त्री म्हणायचे,
"खेळ ठेव रे बोटभर.
पेडलला आधी काहीच कळू नये.
मग कळावं."

तेरा नंबरचे दोन पाने.
एकाने धरायचं, एकाने फिरवायचं.
अर्धा आटा. दाब. सोड.
पाव आटा. दाब.
"आत्ता लागलं," वरून आवाज. "आधी नाही."
आधी म्हणजे किती?
दाराखालून एक हात आला,
अंगठा आणि तर्जनीमधे
धरून आणलेलं अंतर.
मी त्याला पट्टी लावली.
वीस मिलिमीटर, वर एखादा केस.
हात तसाच राहिला, मी "बरं" म्हणेपर्यंत.
चेकनट आवळताना सगळं थोडं फिरलंच.
नेहमी फिरतं. पुन्हा पहिल्यापासून.

गॅरेजमागची खडीची वाट
कौन्सिलची नाही, कुणाचीच नाही.
तिथे, चढावर, ती स्टिअरिंगला,
मी शेजारी, हँडब्रेक माझ्या मुठीत.
तिचा पाय हळू वर येतो.
इंजिनचा सूर जरा खाली बसतो,
बॉनेट नाक उचलतं.
गाडी पुढे नाही, मागे नाही.
मी काही बोलत नाही.
तिने माझ्या मुठीकडे पाहिलं.
"सोड," म्हणाली.

सोडला.
चारेक फूट चढलो,
आणि गाडी बंद पडली.