रात्रीचं रक्त

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं,
"दम किती वेळ धरता येतो?"
म्हटलं, लहानपणी सागरतालात पोहायचो.
"मग जमेल," म्हणाल्या,
आणि हातात काचेची नळी दिली.

एक टोक ओठांत, दुसरं भिंतीवर,
टॉर्च काखेत.
मधे जाळीचा एवढासा तुकडा,
तो नसता तर हजीऱ्यातले निम्मे डास
माझ्या पोटात गेले असते.
श्वास अर्धाच घ्यायचा,
बशीतल्या गरम चहाचा पहिला घोट घेतात तसा.
पूर्ण घेतला की पंख मोडतात,
आणि मोडक्या पंखांवरून
बाईंना जात ओळखता येत नाही.

अकरा वर्षं. पहाटे चार ते सहा.
गोठे, जिन्याखालची अडगळ,
बंद गिरणीमागच्या खोल्या.
सरकारी कागदावर माझं पद कीटक संग्राहक.
बायको माहेरी सांगायची, ते प्रयोगशाळेत असतात.

बाईंचं आडनाव मुंगी.
डॉ. अनसूया मुंगी, दारावर पाटी.
नवे शिपाई हसायचे.
त्या म्हणायच्या, "हसून घ्या, मग स्लाइडी धुवा."

रक्त मात्र रात्रीच घ्यायचं.
दिवसा या जंतांच्या पिल्लांचा पत्ता नसतो,
फुप्फुसांच्या आतल्या गल्ल्यांत पडून असतात.
दहा वाजले की निघतात
कातडीखाली, पार बोटाच्या टोकापर्यंत,
जणू खाली टांगा उभा आहे.
"डास कधी येतो ते यांना कुणी सांगितलं, बाई?"
"जे वेळेवर आले ते उरले," म्हणाल्या.
"बाकीचे गेले."
हे उत्तर झालं का?
मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग आम्ही दारं ठोठवायचो. कुत्री मागे.
कुणी लाटणं घेऊन उघडायचं,
कुणी झोपेतच बोट पुढे करायचं.
रामसेवक कुशवाह, मूळ दतियाचा, जिलेबी तळणारा,
डावा पाय पोत्याखाली झाकून बसला होता.
सुई टोचली तेव्हा हलला नाही.
काचेवर थेंब पसरताना बघत राहिला, मग म्हणाला,
"खून तो ले जाते हो साहब,
खबर कब लाओगे?"

बाई परत येताना जीपमध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून वहीत नवा रकाना आला:
निरोप दिला, तारीख, कुणाच्या हाती.
तो रकाना भरायला कुणी नव्हतं म्हणून मी भरला.
दुपारच्या उन्हात सायकलवरून
लोकांना त्यांचं रात्रीचं रक्त सांगत हिंडलो.
काहींनी पाणी दिलं. एकीने दार लावून घेतलं.
रामसेवकला सांगितलं तेव्हा
त्याने पोतं बाजूला सारलं
आणि पाय उन्हात ठेवला.

टेबलावर मिठाच्या पाण्याचा थेंब, थेंबात मादी.
दोन सुया, बाईंचा श्वासही माझ्यासारखा अर्धा.
अंडाशयावर केसाहून बारीक नळ्या असतात:
गुंडाळलेल्या दिसल्या तर कोवळी,
उलगडलेल्या दिसल्या तर एकदा तरी अंडी घातलेली.
"आपल्याला उलगडलेली हवी.
जंताला तिच्या अंगात दहा-बारा दिवस लागतात.
तेवढं जगायचं म्हणजे काय!
पाली, पंखे, धूर, आपले हात..."
शत्रूबद्दल बोलत होत्या की थोरल्या आत्याबद्दल,
सुरावरून कळेना.

आता त्या जनकगंजात राहतात, मोतीबिंदू पिकलाय.
मी गेलो की कूलरचं पाणी उपसून देतो,
टाकी कोरडी पुसतो, त्या बोटाने तपासतात.
परवा बोलताबोलता
त्यांच्या मनगटावर एक येऊन बसली.
त्यांनी हात हलवला नाही.
"किती वाजले रे?"
"सव्वादहा."
"बघ," एवढंच म्हणाल्या.

नळी केव्हाच जमा केली आहे स्टोअरला,
पण माझे ओठ पुढे आले होते,
आणि श्वास, आपोआप,
अर्ध्यावर थांबला होता.